शिरसाठकाका खाली बघतात

शिरसाठकाका प्रवासात वर बघत नाहीत. खिडकीबाहेर देवानं काहीही मांडून ठेवलेलं असो, काका बघणार रस्ता.

हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा माझी बोबडीच वळली होती. पाथर्डी फाट्याच्या सिग्नलला मी त्यांना स्कूटरवर मागे घेऊन उभा होतो. हिरवा दिवा लागला, मी निघालो आणि गाडी एकदम हलकी लागली. वळून बघतो तर काका भर चौकात गुडघ्यांवर बसलेले, हात कोपरापर्यंत एका खड्ड्यात! चारी बाजूंनी हॉर्न. एकजण पाण्याची बाटली घेऊन धावला, दुसरा अँब्युलन्सला फोन लावत होता. आणि काका मला ओरडून सांगतायत, "राजाभाऊ, खाली खडीच नाय हो! नुसती माती हाय, माती!"

उभा जन्म काकांनी रस्त्याच्या कामांवर मुकादमी केली. आता आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एकटेच असतात. मूलबाळ नाही. काकू गेल्या वर्षी गेल्या. काकू म्हणजे कमालीची अबोल बाई. दारात दिसल्या तर हसायच्या आणि आत जायच्या. त्या गेल्यावर काका जेवायचंसुद्धा विसरायला लागले. म्हणून आमचं लडाखला जायचं ठरलं, तेव्हा माझी बायको वैशाली म्हणाली, "काकांनाही नेऊ या."

मी उडालोच. सत्तरीचा माणूस, तिथली ती विरळ हवा! पण डॉक्टरांनी त्यांना तपासलं आणि "हे ठणठणीत आहेत, तुम्हीच जरा जपा" असं मलाच ऐकवलं. काकांनी फक्त एवढंच विचारलं, "रस्ता डांबरी हाय का काँक्रीटचा?"

मनालीहून भाड्याची गाडी केली. तेनझिन नावाचा शांत ड्रायव्हर. त्याच्या शेजारी काका. दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती, वर निळंशार आभाळ. वैशालीच्या तोंडून नुसतं "अगं बाई, अगं बाई" चाललेलं. काकांची हनुवटी छातीला टेकलेली.

"काका, बर्फ बघा ना!"

"बघितला. रस्त्याखालून पाणी बरं काढलंय पण."

पुढे तळं लागलं. पाणी इतकं स्थिर की पलीकडचे पांढरे डोंगर त्यात उलटे उभे. आम्ही दोघं भान हरपून बघत राहिलो. मागे वळलो तर काका तळ्याकडे पाठ करून रस्त्यावर पालथे पडलेले! एक डोळा मिटून रस्त्याचा उतार बघत होते. तेवढ्यात एक टुरिस्ट बस आली. त्यातल्या मंडळींना तो योगासनाचा काही प्रकार वाटला. तळं सोडून सगळे काकांचे फोटो काढायला लागले.

"काका!" वैशालीचा आवाज चढला. "एवढं सुंदर तळं समोर आहे, आणि तुम्ही हे काय करताय?"

काका कपडे झटकत उठले. "ताई, तळं आयतं हाय. डोंगर आयता हाय. रस्ता करायला माणूस लागतं."

दुसऱ्या दिवशी खिंडीच्या अलीकडे दरड कोसळली आणि गाड्यांची रांग लागली. तेनझिननं गाडी बंद केली. आमचा डोळा लागला. जाग आली तेव्हा पुढची सीट रिकामी होती. मी घाबरलोच. वैशाली आणि मी धापा टाकत वळणापर्यंत गेलो, आणि समोर जे दिसलं त्यानं दोघंही जागीच खिळलो.

रस्त्याच्या कडेला डांबराचं पिंप तापत होतं. भोवती मजूर शेकत बसले होते. झारखंडहून आलेले, बायाही होत्या त्यांच्यात. त्यांच्या मधोमध काका मांडी घालून बसले होते. एका बाईचा हात त्यांनी आपल्या हातात घेतला होता. स्वतःचे हातमोजे काढून तिच्या मांडीवर ठेवले होते. थंडीनं गोठलेली खोबरेल तेलाची बाटली विस्तवाशेजारी वितळत होती, आणि ते तेल लावून काका तिच्या बोटांवरचं डांबर पुसत होते. एकेक बोट, सावकाश.

"रॉकेल नहीं लगाने का," ते सांगत होते. "चमडी जाती है. तेल लगाने का, फिर फडके से पुसने का."

बाई आधी लाजली, मग हसली, मग दुसरा हातही तिनं पुढे केला.

गाडीत आल्यावर माझ्यानं राहवलं नाही. "काका, अहो, अनोळखी बाईचा हात धरून बसलात?"

काका वरमले. "चुकलं का? सवयीनं झालं."

"कसली सवय?"

"आमची ही हरसूलच्या रस्त्याला कामावर होती. मी मुकादम, ती डांबर ओतायला. लग्न केलं म्हणून घरच्यांनी मला काढून दिलं. मग काय, दोघंही कामावर जायचो. घरी आलो का रोज तिचे हात पुसून द्यायचो. नाय तर भाकरीला डांबर लागायचं. चटक्यांचे डाग मात्र हातावर कायमचे राहिले."

वैशालीच्या हळदीकुंकवाला येऊनही काकू हात कायम पदराखाली ठेवायच्या. त्यांच्याकडची पद्धत असेल, असंच आम्ही समजत होतो.

"इतक्या वर्षांत कधी बोलला नाहीत?"

"तिनं शपथ घातली होती. फ्लॅटमधल्या लोकांना सांगू नका म्हणायची, हसतील. नाय सांगितलं." काकांनी उघडे हात काखेत धरले. "मला लय सांगावंसं वाटायचं पण."

पुढे दगड हलवल्याचे आवाज येत होते. वैशाली हळूच म्हणाली, "काका, काकूंचं नाव काय होतं हो?"

मी चपापलो. एवढी वर्षं भिंतीला भिंत लागून राहिलो, आणि आम्हाला त्यांचं नावही ठाऊक नव्हतं.

"चंद्री," काका म्हणाले. मग पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं, म्हणाले, "चंद्री."