टेंबेंना पसंत पडलेलं सॉफ्टवेअर

आमच्या शेजारचे वसंतराव टेंबे टीव्हीवरच्या कुठल्याही कार्यक्रमाचं फक्त पहिलं आणि शेवटचं मिनिट बघत. "सुरुवात आहे, शेवट आहे, म्हणजे मधलं असणारच," म्हणायचे. मालिकेत काय झालं असं विचारलं, तर उत्तर ठरलेलं. "सासू सुरुवातीला रागावलेली, शेवटीही रागावलेली. सॅम्पल पास!"

एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर माल तपासला. निवृत्त झाले तरी तपासणी काही सुटली नाही. मानपाडा रोडवरच्या आमच्या बिल्डिंगमधला जिन्यातला बल्ब, बायकोचा उपमा, माझा होऊ घातलेला जावई, सगळ्यांचे निकाल त्यांनी लावलेले. जावई फेल झाला होता. मी तरीही लग्न लावून दिलं. आता नातवंडं आहेत, म्हणून त्या विषयावर मी बोलत नाही.

तर वीसेक वर्षांपूर्वी आमच्या भजनी मंडळाचा कार्यक्रम गल्लीतला केबलवाला त्याच्या चॅनेलवर दाखवणार होता. एकदाच, रविवारी दुपारी. त्यात टेंबेंच्या बायकोने, सुमनवहिनींनी, एक अख्खा अभंग एकटीने म्हटला होता. चारचौघांत नाव विचारलं तरी पदराशी चाळा करणारी ही बाई! टेंबेंनी ठरवलं, हा अभंग घरात कायमचा हवा. कॉम्प्युटरला टीव्हीचं कार्ड बसवलं, आणि रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर निवडायला बसले.

बाई बाई, किती ती निवड! बहुतेक सगळी सॉफ्टवेअरं थोडे दिवस फुकट नांदायची. तेवढ्यात टेंबे त्यांचा पिच्छा पुरवायचे. एकाने बातम्यांचं शेपूट कापलं. फेल. दुसऱ्यात आवाज आधी यायचा आणि ओठ सावकाश हलायचे. फेल. तिसऱ्याने चित्राच्या मधोमध स्वतःचं नाव छापलं. "मालतीताई, हिच्या तोंडावर याची पाटी? चालता हो म्हणावं!"

मी तेव्हा पन्नाशीची, आणि सुट्टीतल्या कॉम्प्युटर क्लासने टम्म फुगलेली. त्यांच्या खुर्चीमागे उभी राहून गंभीरपणे सांगायचे, "भाऊजी, तुमची रॅम कमी पडतेय." रॅम म्हणजे काय ते मला आजही माहीत नाही. पण ते वाक्य कधी वाया गेलं नाही.

शेवटी एक सापडलं. शेतीच्या कार्यक्रमावर त्याची आठवडाभर परीक्षा झाली. डोकं शाबूत, शेपूट शाबूत, आवाज आणि ओठ एकत्र. टेंबेंनी ते विकत घेतलं आणि बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. काय जन्मलंय ते कुणाला कळेना, पण सगळ्यांनी खाल्ले.

रविवारी मंडळी माझ्याकडे जमली, माझा टीव्ही मोठा म्हणून. टेंबे रेकॉर्डिंग लावून आधी आले, सुमनवहिनी कुलूप लावून मागाहून. शूटिंगच्या दिवशी पहिल्या रांगेत बसायला मिळावं म्हणून मी मंडळात केवढी भांडले होते! पडद्यावर दिसलं काय, तर माझं कोपर. नव्या साडीचा काठ आणि कोपर.

वहिनींचा अभंग लागला, आणि वहिनी उठून थेट माझ्या स्वयंपाकघरात पळाल्या. मी मागे गेले. "अहो, या ना बाहेर! किती छान दिसताय."

"नको गं बाई, सगळ्यांदेखत! घरी बघेन निवांत. ह्यांनी घेतलंय ना."

कार्यक्रम संपल्यावर टेंबे आणि मी पुढे झालो, वहिनींना बायकांनी जिन्यात अडवलं. घरात पाहतो तर कॉम्प्युटर ठार. भिंतीवरचं बटण बंद. घराबाहेर पडताना सगळी बटणं बंद करायची हा वहिनींचा नेम. कॉम्प्युटरचा पडदा काळा दिसला असणार, त्यांनी तेही केलं बंद.

टेंबे बटणाकडे बघत राहिले. इतक्यात दाराशी चपलांचा आवाज आला. त्यांनी झटकन बटण चालू केलं.

"आलं का हो?" वहिनींनी पदर सारखा करत विचारलं. खुर्ची ओढून बसल्यासुद्धा.

"नाही गं. ऐन वेळी दगा दिला या सॉफ्टवेअरने. माझीच निवड चुकली."

"इतके दिवस निवडत काय बसला होतात मग?" वहिनी कडाडल्या. मला वाटलं, आता हे काहीतरी सुनावतील. टेंबे खाली मान घालून ऐकत होते. वहिनींचा आवाजच मग बारीक झाला. "जाऊ दे. तसं काही फार बरं म्हटलं नव्हतं मी."

"फार छान म्हटलंस," टेंबे म्हणाले.

"काढून टाका ते मेलं. माझ्यासमोर काढा."

मी तोंड उघडणार होते. टेंबेंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं, आणि माझं तोंड मिटलं. त्यांनी कॉम्प्युटर सुरू केला. मग पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला, नक्की काढायचं? वहिनी त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. टेंबेंनी चष्मा पुसला, आणि 'हो' दाबलं.