आंघोळीच्या पाण्यातलं गांडूळ

रबरी गांडुळाला गळ कसा लावायचा, हे आमच्या भागात माझ्याइतकं कुणालाच कळत नाही. हे मीच सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगत नाही. करंगळीएवढं मऊ गांडूळ घ्यायचं, त्याच्या डोक्यात खिळ्यासारखं बारीक शिसं खुपसायचं, पोटाच्या मधोमध गळ अडकवायचा आणि पाण्यात सोडून दोरीला हलकेच कंप द्यायचा. मग ते चिखलात तोंड खुपसून असं काही वळवळतं, की बिवा सरोवरातला पोट भरलेला बास मासासुद्धा 'बरं, एवढं एक खातो' म्हणून तोंड उघडतो! शिसं केसभर सरकलं, तर मात्र गांडूळ वाळत घातलेल्या मोज्यासारखं लटकतं. सगळी कला त्या केसभरात असते.

कला अंगात होती, पण ती सांगायची चोरी होती. कारण मला मिफुयूशी लग्न करायचं होतं आणि मिफुयूचे वडील तात्सुझो कितागावा हे सरोवराच्या उत्तर काठावरचे पिढीजात कोळी. बास हा बाहेरून आणून सोडलेला मासा. तो त्यांच्या जाळ्यात यायचे ते लहान मासे फस्त करतो, आणि त्याच्या मागे लागलेले आमच्यासारखे हौशी लोक त्यांच्या जाळ्यांत दोऱ्या अडकवून ठेवतात. त्या घरात 'बास' हा शब्द जेवणाच्या खोलीत उच्चारत नाहीत. माझ्याआधी मिफुयूसाठी एक स्थळ आलं होतं. मुलगा पसंत, पगार पसंत, पत्रिका पसंत. निरोप देताना तात्सुझोंना त्याच्या गाडीच्या मागच्या काचेवर बास माशाचं चित्र दिसलं. त्याने आणलेला मिठाईचा डबा त्यांनी घरातून परत आणला आणि गाडीच्या टपावर ठेवून दिला. लग्न तिथेच मोडलं.

आता माझी पाळी होती. शनिवारी जायचं, रात्री मुक्काम करायचा आणि रविवारी होकार घेऊन परतायचं.

"काही आणलं नाहीस ना?" गाडीत मिफुयूने विचारलं.

"काय आणणार?"

"शिगेकी, मी काय विचारतेय ते तुला बरोबर कळलंय."

"रॉड नाही, गळ नाही. खिसे तपास हवं तर."

तिने माझ्यावर विश्वास ठेवला, इथेच बिचारीचं चुकलं. रॉड नव्हता, गळही नव्हता. पण खिशात रुमालात गुंडाळलेलं एक गांडूळ होतं, कोलंबीच्या रंगाचं, डोक्यात शिसं बसवलेलं. सोबत हातभर दोरी. शिसं थोडं तिरकं घातलं तर काय होईल, असा एक विचार आठवडाभर माझं डोकं खात होता, आणि असं गांडूळ घरी एकटं सोडून जाणं मला जमलं नाही.

स्वागत छान झालं. मिफुयूच्या आईने, साएकोबाईंनी, स्वयंपाकघरात गोमांसाचे पातळ काप रचून ठेवले होते. आजी एका कोपऱ्यात पाय उबेला घालून बसली होती आणि माझ्याकडे बघून समाधानाने मान डोलवत होती. तात्सुझो फारसं बोलले नाहीत, पण एकदा त्यांनी माझ्या पेल्यात स्वतःच्या हाताने साके, म्हणजे तांदळाची दारू, ओतली. मिफुयू माझ्याकडे बघून हसली. मला वाटलं, जिंकलं.

"आधी आंघोळ करून घ्या," साएकोबाई म्हणाल्या. "पाणी तापलंय. पाहुणे पहिले. तुमच्या मागून हे जातील, मग आम्ही."

टबाबाहेर बसून अंग स्वच्छ धुतलं आणि टबाचं झाकण काढलं. काय टब होता! आमच्या घरच्या टबात गुडघे आत घेतले तर खांदे बाहेर राहतात. हा छातीएवढा खोल. चार मिनिटांत बघून होईल, म्हणून मी कपड्यांमधून गांडूळ आणलं आणि गळ्यापर्यंत पाण्यात बसलो.

पाण्यात पावडर टाकलेली असल्याने ते दुधाळ हिरवं झालं होतं, तरी वरच्या वितीत गांडूळ स्पष्ट दिसत होतं. मी दोरीला कंप दिला. अहाहा! तिरक्या शिशामुळे ते नुसतं वळवळत नव्हतं, मध्येच थांबून मान वाकडी करत होतं. आठ वर्षांच्या साधनेचं फळ मी नागड्या अंगाने बघत होतो आणि माझे डोळे भरून आले होते.

"शिगेकीसान, पाणी फार कढत नाही ना?" दाराबाहेरून साएकोबाईंचा आवाज आला.

मी एवढा दचकलो की गाठ सुटली. दोरी माझ्या हातात राहिली आणि गांडूळ हिरव्या पाण्यात गडप झालं.

"नाही, नाही! अगदी छान आहे!"

हातांनी तळ चाचपला. पायाच्या बोटांनी चाचपला. एकदा श्वास रोखून डोकंसुद्धा आत घातलं. मिळेना! पाणी सोडून द्यावं, तर त्याच पाण्यात अजून चौघं बसायची होती. शेवटी बाहेरून तात्सुझोंचं घसा खाकरणं ऐकू आलं. मी कपडे चढवून दार उघडलं तर ते खांद्यावर टॉवेल टाकून उभे होते. तळाशीच राहील, त्यांना काही कळायचं नाही, अशी मी मनाची समजूत घातली.

पाच मिनिटं गेली. मग तात्सुझो बाहेर आले. केस कोरडे, चेहरा राखेच्या रंगाचा. त्यांनी साएकोबाईंना खुणेने बोलावलं. आतून कुजबुज ऐकू आली, मग एक दबलेली किंकाळी, आणि साएकोबाई चॉपस्टिकच्या टोकाला काहीतरी धरून, हात शक्य तितका लांब करून, स्वयंपाकघरात पळत गेल्या.

जेवायला बसलो. सगळ्यांपुढे गोमांस रटरटत होतं आणि माझ्यापुढे पातळ भाताची पेज आणि एक खारवलेलं आंबट फळ ठेवलं गेलं. मी थक्क होऊन मिफुयूकडे बघितलं, मिफुयू थक्क होऊन आईकडे बघत होती आणि आई टेबलाच्या लाकडाकडे.

शेवटी आजीला राहवेना.

"बाळा, जंत किती दिवसांपासून आहेत रे पोटात?"

"जंत?"

"आई, जेवताना कशाला..." तात्सुझो पुटपुटले.

"जेवताना नाही तर कधी? जेवणातूनच होतात ते. माझ्या लहानपणी शाळेत पोरापोराला व्हायचे, लाज कसली त्यात? दाखव गं साएको."

साएकोबाईंनी मान फिरवून काचेची बरणी टेबलावर ठेवली. आत साकेमध्ये माझं कोलंबीच्या रंगाचं गांडूळ बुडवून ठेवलं होतं. वर झाकण घट्ट लावलेलं.

मिफुयूने बरणीकडे बघितलं आणि तिला एका क्षणात कळलं, कारण माझ्या घरी तिला चादरीतसुद्धा अशी गांडुळं सापडलेली आहेत. तिने टेबलाखालून अशी लाथ मारली की पेज हिंदकळली.

इकडे आड, तिकडे विहीर. हे रबराचं आहे म्हणावं, तर कशासाठी ते सांगावं लागणार आणि मिठाईचा डबा टपावर येणार. रबराचं नाही म्हणावं, तर ते माझ्या पोटातून आलं होतं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मिफुयूच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं. ते बघितलं आणि मी मान खाली घातली.

"हो," मी म्हणालो. "माझंच आहे."

तात्सुझो उठले आणि गल्लीतल्या नाकानिशी डॉक्टरांना घेऊन आले. माझी उरलीसुरली आशा संपली. शिकलेला माणूस, एका नजरेत ओळखणार.

डॉक्टरांनी चष्मा लावला, चिमट्याने गांडूळ बाहेर काढलं, उजेडात धरलं. मग त्याचं डोकं बरणीच्या काचेवर हलकेच आपटलं. टक, असा आवाज आला. त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग तात्सुझोंकडे, मग पुन्हा माझ्याकडे आणि या वेळी बराच वेळ.

"डोकं कठीण आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "आणि तिरकं. तिरकं मी आजवर पाहिलं नव्हतं."

"वाईट आहे का?" साएकोबाईंनी विचारलं.

"जात चिवट आहे. काय हो, त्रास पहाटे जास्त होतो का?"

"हो," मी म्हणालो. काय चाललंय ते मला कळेना.

"ढगाळ हवेत वाढतो?"

"हो."

"मलाही तेच..." ते खोकले. "माझ्याही पेशंटांचं तेच म्हणणं असतं."

माझं तोंड उघडं पडलं. डॉक्टरांनी माझा हात नाडी बघायला घेतला आणि खाली वाकून कुजबुजले, "गप्प राहा. या गावातले माझे सगळे पेशंट कोळी आहेत. मला इथेच दवाखाना चालवायचाय." मग मोठ्याने म्हणाले, "दर रविवारी पहाटे उपाशीपोटी माझ्याकडे यायचं. उपचार लांबेल, वर्षभरही लागेल. हा नमुना मी तपासायला घेऊन जातो."

"आणि लग्न?" मिफुयूने विचारलं.

आजीने उठून फळीवरचा, मडक्यात तीन वर्षं मुरवलेला मासा काढला. पोटाला याच्यासारखं औषध नाही, म्हणाली. तो वास शेजारच्या घरातही गेला असेल. मी पाच तुकडे गिळले आणि हसून मान डोलावली.

तात्सुझो हे सगळं बघत होते. मग त्यांनी स्वतःच्या भांड्यातलं गोमांस माझ्या पेजेत घातलं.

"मला वाटलं होतं, हा नाकारेल," ते म्हणाले. "कुणीही नाकारलं असतं. मागचा तो, एवढं मोठं चित्र गाडीवर असून म्हणाला, भावाची गाडी आहे. पण सासुरवाडीत पहिल्या दिवशी, आजीसमोर, जो माणूस मान खाली घालून 'माझंच आहे' म्हणतो, तो माझ्या पोरीपासून काय लपवणार?"

मिफुयूला जोराचा ठसका लागला. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण धरणी दुभंगली नाही आणि होकार मिळाला.

आता लग्नाला दोन वर्षं झाली. माझा रविवारचा उपचार अजून चालू आहे. तात्सुझो स्वतः मला पहाटे दवाखान्यापर्यंत सोडतात. तिथून मी आणि डॉक्टर मागच्या दाराने निघून सरोवराच्या पार दक्षिण टोकाला जातो. माझा नमुना डॉक्टरांनी परत दिला नाही. पहिल्याच रविवारी त्यांनी त्याला गळ लावला आणि हातभर लांबीचा बास काढला. तिरक्या शिशाची ती युक्ती आता हौशी लोकांत 'नाकानिशी पद्धत' म्हणून ओळखली जाते, आणि मला त्यावर चकार शब्द काढता येत नाही.

सासरी माझा मान मोठा आहे. सासरे प्रामाणिकपणाची गोष्ट निघाली की माझंच उदाहरण देतात. आंघोळीला मात्र मी सगळ्यांच्या शेवटी जातो आणि माझ्यामागे टब ब्लीचने धुतात. मागच्या हिवाळ्यात त्यांनी कुत्रा पाळला. त्याची आंघोळ माझ्याआधी असते.