पंधरा सेकंदांचा पक्षी

"चाळीस डावांपैकी एकतीस हरलात," दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि एकतीसच्या एकतीस वेळ संपून."

घड्याळमास्तरांना यावर पुष्कळ बोलायचं होतं; पण तोंडात कापसाचे दोन बोळे आणि एक आरसा असल्यामुळे ते नुसतं "आँ" म्हणाले. डॉक्टरीणबाई गल्लीच्या ऑनलाइन बुद्धिबळ संघाच्या कप्तान. दोन पेशंटांच्या मधल्या वेळात त्यांनी मास्तरांचे सगळे डाव मोबाइलवर तपासले होते, तेही दाढा तपासाव्यात इतक्या बारकाईने.

"खेळ्या वाईट नाहीत हो तुमच्या. तेविसाव्या डावात तर समोरच्याचा वजीर हातात आला होता. मग चार मिनिटं नुसता शुकशुकाट. काय करत होतात?"

बोळे निघाले. मास्तर ओशाळून म्हणाले, "घोड्याकडे बघत होतो."

ते खरंच होतं. पटाच्या अगदी कडेला उभा असलेला घोडा दिसला की मास्तरांना वाटे, पलीकडे नदी असणार. मग नदी दिसे, नदीवरचं पांढरं धुकं दिसे, घोडा मान खाली घालून पाणी पिऊ लागे. त्याचं पिऊन होईपर्यंत घाई करणं मास्तरांच्या जिवावर येई. धुकं विरलं की पडद्यावर 'वेळ संपला' अशी पाटी असे.

घड्याळं दुरुस्त करणाऱ्याने घड्याळापायी हरावं, म्हणजे दिव्याखाली अंधार. पण मास्तरांचाही इलाज नव्हता. दुकानात दुरुस्तीला आलेली साठ घड्याळं साठ निरनिराळ्या वेळा दाखवत टिकटिकत असत. त्या टिकटिकीत तीस वर्षं बसलेल्या माणसाला नक्की किती वाजले, हा प्रश्न हळूहळू पडेनासा होतो.

यावेळी मात्र हरून चालणार नव्हतं. सहा जणांच्या संघात एक जागा रिकामी झाली होती, आणि शनिवारी पाचपर्यंत ज्याचे हजार गुण होतील त्याला ती मिळणार होती. मास्तरांचे होते आठशे साठ. शाळेत दोन्हीकडचे गडी वाटून झाले की मास्तर एकटे उरत. मग कुणाला तरी दया येई आणि तो म्हणे, "घ्या रे, हा कच्चा लिंबू." लिंबू आता पंचावन्न वर्षांचा झाला होता, पण पिकला नव्हता. एकदा तरी यादीत आपलं नाव लिहिलेलं बघावं, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती त्यांनी बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. बायकोला अर्थात ती ठाऊक होती.

"दहा मिनिटांचा डाव, धरा चाळीस खेळ्या," डॉक्टरीणबाईंनी औषध लिहून दिलं. "पंधरा सेकंदांना एक. लय बसवा."

लय बसवायला मास्तरांना एक पक्षी सापडला. वरच्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाईंचं जुनं लाकडी घड्याळ दुरुस्तीला आलं होतं. त्यातला दर अर्ध्या तासाला दार उघडून 'कुकू' म्हणणारा पक्षी मुका झाला होता. मास्तरांनी त्याला कंठ दिला, आणि मग दोन चाकं बदलून असं केलं, की तो दर पंधरा सेकंदांना बाहेर यावा. काटे अर्थातच भिंगरीसारखे फिरू लागले. खालची वजनंही दहा मिनिटांत तळाला येत, त्यामुळे साखळी ओढून ती वर घ्यायचं काम बायकोकडे आलं.

"पक्ष्याची मदत चालते का?" मास्तरांनी फोन करून विचारलं.

"पक्ष्याला बुद्धिबळ येतं का?"

"नाही."

"मग चालते."

घोडा नदीवर पोचायच्या आत 'कुकू' होई आणि मास्तरांचा हात आपोआप पुढे जाई. तीन आठवड्यांत मास्तर नऊशे चौऱ्याण्णववर पोचले.

शनिवारी चार वाजता त्यांनी शेवटचा डाव लावला. बायको साखळी ओढून समोरच्या दुकानात दूध आणायला गेली होती. तेवढ्यात गाण्याच्या बाई आल्या.

"मास्तर, झालं का हो माझं घड्याळ?"

"हूं," मास्तर पडद्यावरून नजर न हलवता म्हणाले.

"मग नेते मी."

"हूं."

बायको परतली तेव्हा भिंतीवर नुसता खिळा होता. ती काही बोलणार इतक्यात छतातून बारीक आवाज आला, "कुकू." मास्तरांचा हात पुढे गेला. डाव सुरळीत चालला होता. पण वर साखळी कोण ओढणार, या विचाराने ती घाबरली.

आणि झालंही तसंच. एक गृहस्थ घड्याळाचा पट्टा बदलायला म्हणून आत आले, आणि त्याच वेळी वरचा पक्षी गप्प झाला. मास्तरांचा हात हवेत राहिला.

पडद्यावर त्यांचं एक प्यादं शेवटच्या घराच्या उंबऱ्याशी पोचलं होतं. किती लांबून आलं होतं बिचारं, तेही एक एक पाऊल टाकत. आता दार उघडेल आणि ते वजीर होईल. पण आत जाण्याआधी त्याला एकदा मागे वळून बघावंसं वाटत असेल. वाटेवर दुपारचं ऊन पडलं असेल, आणि सुरुवातीचं घर आता इथून अगदी लहानसं दिसत असेल. दोन मिनिटं पन्नास सेकंद उरली होती. मग दोन चाळीस.

नवऱ्याचा तो चेहरा बायकोने ओळखला. बुद्धिबळातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण पंधरा सेकंद आता तिच्या हाडीमांसी खिळले होते.

"कुकू," ती म्हणाली.

मास्तरांचा हात खाली आला. प्यादं वजीर झालं.

"काय म्हणालात?" गृहस्थांनी विचारलं.

"तुम्हाला नाही. पट्टा काळा देऊ की तपकिरी?"

"तपकिरी."

"कुकू."

गृहस्थ एक पाऊल मागे सरकले. "तुम्हाला बरं नाहीये का?"

"मला काय झालंय? मनगट करा बघू पुढे. कुकू."

अकराव्या 'कुकू'ला मात झाली. मास्तरांचे एक हजार दोन गुण झाले, आणि त्या गृहस्थांचा पट्टा दोन भोकं जास्त आवळला गेला.

पाठोपाठ गाण्याच्या बाई घड्याळ कवटाळून खाली आल्या. "अहो मास्तर, दूध तापत ठेवलं तेव्हा यात सकाळचे सहा होते, आणि उतू गेलं तेव्हा मध्यरात्र."

मास्तरांनी शरमेने घड्याळ उघडलं आणि पक्षी काढून टेबलावर ठेवला. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंचा फोन आला.

"शेवटच्या अकरा खेळ्यांत काय लय साधलीत हो. यादीत सहावं नाव तुमचं लिहिलंय. मात्र उद्याचा सामना वाचनालयात आहे, समोरासमोर बसून. तिथे शांतता पाळावी लागते. पक्षी घरीच ठेवा."

मास्तरांना आनंदाने गहिवरून आलं, पण पक्ष्याशिवाय खेळायचं कसं? फोन ठेवून त्यांनी बायकोला सगळं सांगितलं.

"तिथे बोललेलं चालत नाही?" तिने विचारलं.

"नाही."

"आणि खोकलेलं?"

मास्तरांनी विचार केला. "खोकल्याला कोण काय म्हणणार?"

पट्ट्यांची पेटी आवरता आवरता बायको एकदाच, हळूच खोकली. मास्तरांचा हात आपोआप उचलला गेला, आणि टेबलावरचा लाकडी पक्षी एक घर पुढे सरकला.