भिंतीचा ताप पाहणारे काकाजी

मला एकदा टायफॉइड झाला होता. आठवडाभर अंथरुणात पडून होतो आणि एरवी रस्त्यात दिसलो तर चपलेकडे पाहणारी माणसंसुद्धा मोसंबी घेऊन येत होती. मनोहर काकाजी रिकाम्या हाताने आले. खाटेजवळ येऊन त्यांनी हात पुढे केला. मी कपाळ पुढे केलं. हात माझ्या डोक्यावरून गेला आणि पलीकडच्या भिंतीवर टेकला. डोळे मिटून त्यांनी बराच वेळ अंदाज घेतला.

"तुह्यं काई नाई. चार दिवसांत उठशीन," ते म्हणाले. "पण या भिंतीले भल्ला ताप हाये गड्या. पश्चिमेची हाये न. हिच्याकडे कोणी पाह्यलंच नाई!"

जाताना माझ्या उशाचा दिवा तेवढा बंद करून गेले.

काकाजी माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. आमच्या सिंदीच्या, म्हणजे सिंदी (रेल्वे)च्या, नगरपरिषदेत त्यांनी रस्त्यावरचे दिवे सांभाळण्यात जन्म काढला. खांद्यावर शिडी आणि एका हाताने सायकल, असे ते गल्लीत शिरले की आम्ही पोरं खेळ थांबवून बाजूला व्हायचो. शिडीचं मागचं टोक कोणाला लागेल, याचा नेम नसायचा. दिवे लावण्यात आयुष्य गेलेला हा माणूस निवृत्त झाल्यावर दिवे विझवायला लागला. माझ्या साळ्याच्या लग्नात भरदुपारी मांडवातली रोषणाई यांनीच बंद केली. शोधाशोध झाली, तर हे वरपक्षाच्या पंगतीत बसून शांतपणे मठ्ठा पीत होते.

यंदा फाल्गुनात नगरपरिषदेने इमारती थंड ठेवायची आणि वीज वाचवायची मोहीम काढली. आधी स्वतःच्या कचेरीतले जुने दिवे-पंखे बदलले, कचेरीचं छत पांढरं केलं आणि मग मोर्चा गल्ल्यांकडे वळवला. चुना, पांढरं सिमेंट आणि डिंक मिळून बनवलेलं मिश्रण फुकट. हात मात्र ज्याचे त्याने लावायचे. वर एक अट होती. ज्या गल्लीतली झाडून सगळी छतं पांढरी होतील, तिथल्या अंगणवाडीला टिनाखाली थंड राहणारं छत बसवून मिळणार. आमच्या अंगणवाडीत चैत्रात दहा वाजताच पोरांच्या पाट्या घामाने पुसल्या जायच्या.

काकाजींना तर जसं सरकारनेच बोलावणं धाडलं. ते घरोघर फिरून भिंतींना हात लावू लागले. बायकांनी मात्र अडवून धरलं. चंद्रकलाबाई दारातच म्हणाल्या, "पांढरं केलं त स्लॅब तापन का? अन् स्लॅब तापला नाई त माह्या कुरोड्या वायतीन कशा?"

"ऊन वरून येते न बाई! कुरोडी उन्हानं वायते, खालच्या स्लॅबनं नाई!"

"तुमी कधी घातल्या का कुरोड्या? मंग सांगू नका!"

काकाजी हरणारे नव्हते. रोज सकाळी त्याच दारात, तोच हात, तीच भिंत. आठव्या दिवशी चंद्रकलाबाईंनी कंटाळून ब्रश हातात घेतला.

माझ्या छताचं काम मी स्वतःच केलं. मी शाळामास्तर, मुलांना श्रमाचं महत्त्व सांगतो. जिन्याच्या दारापासून सुरुवात केली आणि रंगवत रंगवत थेट पलीकडच्या कोपऱ्यात पोचलो. वळून पाहतो तर माझ्यात आणि जिन्यात अख्खं ओलं छत. काकाजी शेजारच्या गच्चीवरून ओरडले, "हालजो नको! वायू दे! पाय ठेवला त पुन्हा करा लागन!" तासभर मी त्या कोपऱ्यात एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभा होतो. खालून माझी बायको वैशाली विचारत होती, "जेवाले वाढू का थांबू?" छत थंड झालं, मी मात्र आठवडाभर नाकाची सालं काढत होतो.

अशी एकेक करत गल्ली पांढरी झाली. नगरपरिषदेच्या इंजिनियर मॅडम पाहणीला आल्या, वही उघडली आणि म्हणाल्या, "सगळं छान आहे. एकच छत बाकी आहे. मनोहररावांचं."

गल्ली हसली. मग चिडली. "लोकाले शायनपन शिकवते अन् सोताचं पाह्य!" चंद्रकलाबाई म्हणाल्या. मॅडमनी सात दिवसांची मुदत दिली. मी काकाजींना आमच्याच घरी गाठलं.

"काकाजी, काऊन राहिलं तुमचं?"

"झालं हाये. थोडंसंच राह्यलं."

"मग थोडंसं करून टाका. अंगणवाडी अडली न!"

"पाह्यतो," ते म्हणाले आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या घरातला चालू पंखा बंद न करता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते बाजारात गेलेले पाहून मी त्यांच्या गच्चीवर चढलो. छत पांढरंशुभ्र होतं. फक्त मध्यभागी लुगड्याएवढा एक लांबट काळा चौकोन सोडला होता. त्याच्या चार कोपऱ्यांवर चार विटा होत्या. मधे काहीच नव्हतं.

त्या विटा मी ओळखल्या. काकाजींच्या बायकोच्या, सुमनकाकूंच्या. गल्लीतला पहिला स्लॅब काकाजींचा. उतरत्या कवेलूच्या घरात काकूंना कुरडया घालायला जागा नव्हती. दरवर्षी लोकांच्या अंगणात जावं लागे, म्हणून काकाजींनी स्लॅब टाकला. पहाटे काकू गव्हाचा चीक शिजवायच्या, इथे जुनं लुगडं अंथरून त्याच्या कोपऱ्यांवर विटा ठेवायच्या आणि साच्यातून पांढरी चक्रं पाडत जायच्या. माकडं हाकलायला राखणदार म्हणून मला छत्री देऊन बसवायच्या. माकडांनी खाल्ल्या नसत्या तेवढ्या अर्धवट वाळलेल्या कुरडया मी खायचो. काकूंना ते ठाऊक होतं. शेवटची ओळ त्या माझ्या बाजूला घालायच्या आणि म्हणायच्या, "एवढी माकडाची."

काकू जाऊन चार वर्षं झाली.

मी वळलो तर जिन्यात काकाजी उभे. हातात भाजीची पिशवी.

"तिच्यासाठीच टाकला होता स्लॅब," ते म्हणाले. "वर कुरोड्या वायल्या अन् खाली सैपाकात थे भाजत राह्यली. ओली चादर खिडकीले लावे. मले म्हने, काई नाई, बरं हाये. म्या कधी भिंतीले हातच लावून नाई पाह्यला."

मी जिना उतरलो. घरी येऊन वैशालीला सांगितलं. उठून तिने डब्यातले गहू काढले आणि भिजत घातले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती काकाजींच्या दारात गेली. "काकाजी, यंदा कुरोड्या तुमच्या छतावर घालू म्हनते. आमच्याकडं माकडं लय. अन् यायलेच राखनीले बसवलं त काईच उरत नाई."

'यायले' म्हणजे मी.

काकाजींनी वर गच्चीकडे पाहिलं.

"पन काया स्लॅबची धूळ लागते चिकाले. खाली चुना असला त बरं होईन."

काकाजी म्हणाले, "चुना वायाले एक दिवस लागते."

"मंग गहू एक दिवस जास्त भिजतीन."

त्या दुपारी मी माझ्या गच्चीवरून पाहिलं. काकाजींनी एकेक वीट उचलली, खाली चुना मारला आणि दुसऱ्या दिवशी सगळं वाळल्यावर चारही विटा जिथल्या तिथे ठेवल्या. त्याच्या पुढच्या पहाटे वैशालीने काकूंचं जुनं लुगडं तिथेच अंथरलं. सकाळी मॅडम आल्या, वर डोकावल्या आणि वहीत बरोबरची खूण करून कडेची एक कुरडई तोंडात टाकून गेल्या.

उन्हं चढल्यावर मी छत्री घेऊन राखणीला गेलो, तर काकाजी आधीच बसलेले. लुगड्याची कड जराशी उचलून त्यांनी तळवा पांढऱ्या छतावर टेकवला होता. डोळे मिटलेले. मी ताप किती ते ऐकायला थांबलो. त्यांनी हात काढला नाही. नुसतं दुसऱ्या हाताने शेवटची ओळ माझ्याकडे सरकवली.