गिअरबॉक्सखालचा हट्ट

ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे, शपथेवर सांगतो. मी स्वतः तिथे होतो. म्हणजे अगदी तिथे असा नाही, पण जो होता त्याच्या तोंडून ऐकली आहे, आणि तोही आयुष्यात फार तर चार-पाच वेळाच खोटं बोललेला माणूस. तेव्हा निर्धास्त ऐका.

पाणीपुरवठा ऑफिसातल्या हेडक्लार्कनी एक जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप घेतली. डोंगरदऱ्या पालथ्या घालायला, असं ते म्हणाले. (तोवर त्यांनी पालथी घातली होती ती फक्त फायलींची कपाटं.) गिअर टाकला की आतून असा काही आवाज यायचा, की शेजारचं कुत्रं आधी भुंकायचं आणि मग माफी मागितल्यासारखं घरात जायचं. महिनाभर ऐकून बायकोने निकाल दिला. येत्या रविवारी जीप दगडखाणीचा चढ चढली तर राहील, नाही चढली तर तिचा धाकटा भाऊ दुकानाच्या मालासाठी घेऊन जाईल. मेहुण्याने त्याच दिवशी जीप उभी करायची जागा झाडून घेतली.

हेडक्लार्कनी रोग ओळखला: गिअर ऑइल. ते ऐकून जो तो शहाणपण शिकवायला पुढे आला. मिस्त्री म्हणाला, तेल ते तेल, मिळेल ते ओता. मेहुणा म्हणाला, जितकं जाड तितकं चांगलं. दुकानदाराने एकच डबा पुढे केला आणि हा सगळीकडे चालतो, वेळ पडली तर विमानालासुद्धा, असं सांगितलं. पण हेडक्लार्क पडले सरकारी माणूस. एकच अर्ज सगळीकडे चालतो, हे त्यांना पटणंच शक्य नव्हतं.

त्यांनी जेवताना दोन चमचे एकमेकांवर घासून बायकोला समजावलं. ॲक्सलमधले, म्हणजे चाकांच्या आसातले, दाते असे घसरत फिरतात, त्यांना जीएल-फाइव्ह जातीचं कडक तेल हवं. पण त्यातलं काही काही जुन्या गिअरबॉक्समधल्या पितळी कड्या हळूहळू खातं, म्हणून तिथे त्याहून सौम्य जीएल-फोर. बायको म्हणाली, चमचे द्या, वाढायचंय. आता एक गोष्ट मान्य करायलाच हवी, की माणूस बरोबर होता. (संसारात याच्याएवढा मोठा दोष नाही.) दुकानदाराशी तासभर हुज्जत घालून त्यांनी दोन वेगळ्या तेलांचे डबे आणले आणि ते विजयी वीरासारखे घरी परतले.

रविवारी सकाळीच ते जीपखाली शिरले. गिअरबॉक्सची आणि दोन्ही ॲक्सलची खालची बुचं उघडली. काळंकुट्ट तेल गळायला लागलं आणि त्याच्या वासाने समोरच्या घराच्या खिडक्या आपोआप लागल्या. शेवटचा थेंब पडू दिला. मग नवं तेल भरायचं, म्हणून गिअरबॉक्सच्या बाजूचं बूच उघडायला गेले. ते गंजून असं बसलं होतं की हलेना. भरायचं बूच उघडतंय ना, हे बघूनच जुनं तेल सोडायचं असतं. पण हेडक्लार्कांचा अभ्यास तेलाचा होता. बूच हा विषय त्यांच्या टेबलावर आलाच नव्हता.

तेवढ्यात जीपच्या बाजूला पॉलिश केलेले बूट येऊन थांबले. त्यांच्याशेजारी बायकोच्या चपला.

"भाऊजी, निघायचं ना चढावर?" बूट म्हणाले.

"निघणार नाही."

"मग किल्ली द्या. मी नेतो."

"ने. गिअरबॉक्स कोरडा आहे. गल्लीच्या टोकाला दाते हातात येतील. मग दुकानात मांडून ठेव."

बूट जरा मागे सरकले. मग त्यांनी ओढून न्यायची गोष्ट काढली. हेडक्लार्कनी खालूनच सुनावलं, की ॲक्सलही कोरडे आहेत, चाकं फिरली की तेही गेले. पडलो तरी नाक वर म्हणतात, ते नाक या क्षणी गिअरबॉक्सला टेकलेलं होतं.

"अहो," चपला शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला चालवता येत नाही आणि त्याला नेता येत नाही."

"बरोबर."

"आणि बाहेर कधी येणार?"

"तो गेल्यावर. मी खाली आहे तोवर गाडी माझी."

मेहुण्याने चहा घेतला, दुसरा घेतला, जेवण केलं, वामकुक्षी काढली. खालून फक्त पाना घसरल्याचा आवाज आणि त्याच्या मागोमाग शिवी, एवढंच येत राहिलं. उन्हं कलल्यावर तो हात टेकून निघून गेला. ज्या गाडीला जागचं हलता येत नाही, तीच आपली राहते, हे तत्त्व हेडक्लार्कनी त्या दिवशी सिद्ध केलं.

आता यात मी पदरचं काय घातलं ते सांगून टाकतो. बूच गंजलेलं नव्हतं. ते होतं पलीकडच्या बाजूला आणि हेडक्लार्क अलीकडून हात घालून दिवसभर ते आवळत होते. भाऊ गेल्यावर बायको दुसऱ्या बाजूने वाकली, पाना उलटा ओढला आणि बूच तिच्या हातात आलं. हे तिला सकाळीच दिसलं होतं. पण निकाल दिल्यापासून भावाला जीप द्यायचं तिच्या जिवावर आलं होतं, कारण ती आपणच चालवायची असं तिने मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं.

पुढच्या रविवारी जीप दगडखाणीचा चढ एका दमात चढली. स्टिअरिंगवर बायको होती. हेडक्लार्क शेजारी, दोन्ही हातांनी दांडा धरून, डोळे गच्च मिटून. माथ्यावर गाडी थांबली तेव्हा त्यांनी एक डोळा उघडला आणि म्हणाले,

"बघितलंस? तेल."