पाच ओळींची शिस्त

आमच्या इमारतीत लिफ्टशेजारच्या भिंतीवर लिफ्टवाल्याने स्वतःच्या हाताने आपला फोन नंबर लिहून ठेवला होता. तो विद्रूप दिसतो असा ठराव होऊन भिंत रंगवण्यात आली आणि नंबर सोसायटीच्या नव्या ॲपमध्ये सन्मानाने हलवण्यात आला. ॲप सेक्रेटरींनी स्वतः रचलं होतं. नियम एकच: मोबाइल लहान, म्हणून एका यादीत पाचच ओळी. सहावी आली की तिच्यासाठी आत नवं फोल्डर.

मंगळवारी सकाळी सासूबाई पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधे अडकल्या.

"अगं, त्या लिफ्टवाल्याला बोलव," आतून आवाज आला. "लघवीची गोळी घेऊन अर्धा तास झालाय."

सेक्रेटरी पहिल्या मजल्यावरच राहतात. ते मोबाइल घेऊनच बाहेर आले. "घाबरू नका वहिनी, सगळं ॲपमध्ये आहे."

आम्ही 'सेवा' उघडलं. त्यात 'यांत्रिक'. त्यात पंप, जनरेटर, गेट, दिवे आणि 'इतर'. 'इतर'मध्ये 'हलणारे'. 'हलणारे'मध्ये 'आडवे' आणि 'उभे'.

"लिफ्ट उभ्यात ना?" मी विचारलं.

"सध्या तरी उभीच आहे," सासूबाई आतून म्हणाल्या.

'उभे'मध्ये 'इतर' होतं. त्या 'इतर'च्या पोटात आणखी एक 'इतर'. माझं बोट चुकून मागे जायच्या बाणावर पडलं आणि आम्ही थेट पहिल्या पानावर. ॲपने स्वागत केलं आणि विचारलं, ॲप कसं वाटलं? सेक्रेटरींनी त्या घाईतही पाच तारे दिले.

पुन्हा उतरलो. नवव्या फोल्डरात 'लिफ्टवाला' सापडला! ओळ अरुंद. नंबराचे सहा आकडे, पुढे तीन टिंबं.

"आडवा धरा, पूर्ण दिसेल," सेक्रेटरी म्हणाले.

मी फोन आडवा धरला. "स्वागत आहे," ॲप म्हणालं.

एवढ्यात जिन्यावरून हत्यारांची पिशवी घेऊन साक्षात लिफ्टवालाच आला. "आजींचा फोन आला होता. मागच्याच गल्लीत होतो."

दार उघडलं. सासूबाई कुणाकडेही न बघता सेक्रेटरींच्या घरात शिरल्या. तेच सर्वांत जवळ होतं. बाहेर आल्या तेव्हा चेहऱ्यावर गाढ शांती होती.

"आजी, नंबर कुठे मिळाला?" सेक्रेटरी जरा दुखावलेच होते.

"पाठ आहे."

"मग आम्हाला सांगायचंत ना!"

"विचारलंत कुठे? एवढं मन लावून शोधत होतात दोघं. म्हटलं, कशाला मोडता घाला."

रविवारच्या सभेत ठराव झाला: आपत्कालीन सोय म्हणून सासूबाईंची ॲपमध्ये नोंद करावी. एकमताने. मीही हात वर केला. तेव्हापासून त्या 'सेवा'मध्ये, 'यांत्रिक'मध्ये, 'इतर'मध्ये कुठेतरी आत आहेत. रोज संध्याकाळी विचारतात, "सापडले का गं मी?" अजून तरी नाही.

हसताय? मग फोन पालथा ठेवा आणि घरातल्या एका तरी माणसाचा नंबर न बघता सांगा. स्वतःचा धरायचा नाही.