दामूअण्णांचा चौथा प्रश्न

रविवार, सकाळचा चहा. हजर: मी, शेजारचे दामूअण्णा, त्यांच्या पत्नी कमलकाकू, समोरचे किराणावाले गुप्ताजी आणि कच्च्या केळ्यांच्या चिप्सची परात. गैरहजर: किंमत.

दामूअण्णा घरी आलेल्याला 'बसा' म्हणायच्या आधी 'किती द्याल?' विचारतात. नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी काकूंचे चिप्स विकायचं ठरवलं, आणि मोबाइलवर कुठंसं ऐकलं की भाव दुकानदारानं नाही, ग्राहकानं ठरवायचा असतो. तेव्हापासून त्यांचे चार प्रश्न गल्लीत फिरतात. कितीला महाग वाटेल? कितीला महाग असूनही घ्याल? कितीला स्वस्त वाटेल? आणि किती स्वस्त असलं तर मालाची शंका येईल?

"ग्राफवर उत्तरांच्या रेघा काढायच्या. जिथं मिळतात तो खरा भाव. सायन्स आहे ताई, मजाक नाही."

सायन्सला बऱ्हाणपूर माहीत नाही. भावात जो आधी बोलला तो बुडाला, हे इथं शेंबड्या पोरालाही कळतं. अण्णांनी 'किती द्याल?' म्हटलं की समोरचा म्हणतो, 'तुम्हीच सांगा ना, घरचे आहात.' फारच धरलं तर निम्म्यावरून सुरू करतो. त्यांच्या बहादरपूरच्या साडूंनी मूठ मूठ चिप्स तोंडात टाकत चौथ्या प्रश्नाचं उत्तर दिलं, "अण्णा, फुकट असले तरी मला शंका येत नाही." अण्णांनी त्याचीही रेघ काढली.

पाकिटं, चिकटपट्टी, लेबलं मी आणून दिली. लेबलावर एकच जागा कोरी. आज गुप्ताजी शेवटचं सांगायला आले होते.

"भाईसाब, उद्या सकाळपर्यंत भाव टाकून द्या. नाहीतर दुकानातली तुमची फळी मी त्या खकनारच्या चिप्सवाल्याला देतो. फिर मत बोलना."

काकूंचा चेहरा उतरला. त्यांच्या हातचं काही पहिल्यांदाच दुकानात लागणार होतं.

"अहो, लिहून टाका ना काहीतरी."

"सर्व्हे अजून लहान आहे."

"अख्खी गल्ली खाऊन गेली. आता कोण राहिलं?"

गुप्ताजींनी मग स्वतःच एक आकडा सांगितला. हलक्या मालाचा असतो, तो. अण्णांना असा काही ठसका लागला की काकू पाणी आणायला आत धावल्या. त्या आत जाताच ठसका थांबला.

"अण्णा," मी म्हटलं, "आकडा कमी आला की तुम्हाला बरोबर ठसका लागतो."

ते दाराकडे बघत हळूच म्हणाले, "तिला ऐकू जायला नको. जन्मात पहिल्यांदा विचारलंय तिनं, माझ्या हाताला काय भाव येईल हो? गल्लीनं सांगितलेला सांगू का?"

काकू पेला घेऊन आल्या. अण्णा निमूट पाणी प्यायले आणि माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही राहिलात. किती द्याल?"

मीही बऱ्हाणपूरचीच. 'तुम्हीच सांगा' ओठांवर आलं होतं. पण काकू रिकामा पेला धरून माझ्याकडे बघत उभ्या होत्या.

'भाव सकाळी लिहून आणते,' म्हणत मी लेबलं घरी घेऊन आले. काकूंकडे पाकिटं भरून झाली, चिकटपट्टी लावून झाली. भाव लिहायचा राहिलाय.